साफ्ताचं तसराळं

बसा, आमच्या पाळक ट्रायनची फजिती सांगतो. रोमानियातल्या, रोमानियन आणि रोमा म्हणजे जिप्सी लोकांच्या मिश्र ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल कसं शिकवायचं, हे तो पुढाऱ्यांना शिकवायचा. “पुस्तक उघडायच्या आधी समोरच्याच्या रीती शिका,” असं बजावायचा. एकदा वर्ग रोमा पुढारी ग्रुयाच्या घरी भरला. जेवणाआधी ट्रायननं भांडी विसळायच्या नव्याकोऱ्या तसराळ्यात हात धुतले. ग्रुयाची बायको साफ्ता ते बघत होती. तिनं पोटभर वाढलं, मग तसराळं उकिरड्यावर टाकून आली. “वहिनी, चांगलं भांडं का टाकलंत?” ट्रायननं विचारलं. ग्रुया हसला. “पाळकसाहेब, एवढी रीत शिकायची राहिली. आमच्यात भांडी विसळायच्या तसराळ्यात हात धुतले की ते बाटतं. तुमचं जेवण होईस्तोवर सांगू नका, ही म्हणाली.” ट्रायनची मान वर होईना. दुपारचा वर्ग ग्रुयाला देऊन तो मागं बसला. साफ्ताकडं एकच तसराळं उरलंय. उद्या तुम्ही तिच्या घरी जेवायला जाताय, तर हात नळावर धुवा.