हार्टची पेशंट

दवाखान्यात कौसल्याच्या कॉटखाली शहाळ्यांची रांग लागली होती.

एचआयव्ही निघाल्यापासून तिच्या घरी कुणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. हार्ट अटॅक म्हटल्यावर मात्र अख्खी भावकी लोटली. तिचा कप वेगळा ठेवणारी धाकटी जाऊ आता तिचे पाय चेपत होती. "आक्का, हार्टला जपा हं."

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "या अटॅकमागं जुना आजारही आहे. गोळ्यांनी विषाणू दबलाय, पण शरीर त्याच्याशी लढायचं थांबत नाही. त्यानं रक्तवाहिन्यांना आतून सूज राहते, त्या खराब होतात. तुमच्या घरच्यांनाही समजावतो."

"नको डॉक्टर. त्यांच्यासाठी हार्टचंच राहू दे," कौसल्या म्हणाली. "किती वर्षांनी कुणीतरी अंगाला हात लावलाय."