नानांची गोफण

पेपरातला फोटो बघून रोहिणीनं उभ्या मक्यात वाटा कापल्या, पर्यटकांसाठी भुलभुलैया केला, तेव्हापासून तिचे सासरे, नाना, तिच्याशी बोलत नव्हते. “माझ्या पिकात लोकं शिरली तर पाखरांसारखी हाकलीन,” एवढं मुलाला बजावून ते गोफण घेऊन बांधावरच्या मचाणावर बसायला लागले. रविवारी नाशिकहून पहिली बस आली. सगळे भुलभुलैयात फिरून हसत बाहेर पडले, एक मुलगी मात्र आतच राहिली. डोक्याहून उंच मक्यात तिचं रडणं कुठून येतंय, कुणाला कळेना. तेवढ्यात मचाणावर नाना उभे राहिले, गोफण गरगरली. “नाना, नको!” म्हणत रोहिणी मचाणाकडं धावली. फटकन आवाज निघाला; गोफणीत दगडच नव्हता. “पोरी, ह्या आवाजाकडं ये,” म्हणत नाना गोफण वाजवत राहिले. मुलगी मचाणापाशी बाहेर आली, तशी रोहिणीनं तिला जवळ घेतलं. वरून नाना म्हणाले, “रोहिणी, पुढली बस कव्हा हाय?”