उघड्या बग्गीची माणसं

नवरा गेल्यावर रोझिना ग्रेबर शेवटी लेकीकडे राहायला निघाली. अमेरिकेत इंडियानातली तिची स्विस आमिश मंडळी, म्हणजे मोटारी वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली, ऊनपावसात उघड्या बग्गीतूनच फिरत. लेक लवीना मात्र जर्मन वळणाच्या आमिशांत लग्न करून गेली, तेव्हापासून तिच्या छपराच्या बग्गीत आईनं पाय ठेवला नव्हता. "खुराड्यात बसायला मी काय कोंबडी आहे?" म्हणायची. आज बसली, तीही मांडीवर छत्री आवळून, फुगूनच. चीजचा कारखाना मागे पडला, ओळखीची कोठारं संपली, समोरून छपरांच्या बग्ग्या येऊ लागल्या. दुपारी पाऊस आला, तशी रोझिनानं सवयीनं फटकन छत्री उघडली. "अगं आई, वर छप्पर..." म्हणत लवीना हसणार, तेवढ्यात तिला दिसलं, छत्री तिच्याच डोक्यावर कलली होती. "बघतेस काय? सरक इकडं, भिजशील," आई खेकसली. अंगावर थेंबही न पडलेली लवीना आईला खेटून बसली.