विषयाला धरून

मानववंशशास्त्र हा तिचा दुय्यम विषय. प्रात्यक्षिकासाठी एका कारागिराची मुलाखत हवी होती, आणि घरातच शिंपी बाप असताना गावभर कशाला हिंडायचं? बाबांनी कापड बेतता बेतता उत्तरं दिली, तिने ती फोनवर रेकॉर्ड केली. आज बाबा नाहीत. "एकदा त्यांचा आवाज ऐकव ना गं," आईने हट्ट धरला, म्हणून तिने मुलाखत लावली. गिऱ्हाइकांच्या तऱ्हा ऐकून आई कितीतरी दिवसांनी हसली. मग बाबा म्हणाले, "तू झालीस त्या दिवशी तुझ्या आईला एक गोष्ट सांगायची होती. राहूनच गेली. ती अशी, की..." "बाबा, विषयाला धरून बोला ना!" तिचाच आवाज होता, मार्कांसाठी उतावीळ झालेला. "बरं बाई," बाबा हसले. आईने फोन कानाशी धरला. "पुढे? काय म्हणाले पुढे?" पुढे फक्त त्यांची कात्री चालत होती.