एकतीस घरांचं धुणं

नऊशे चारच्या गॅलरीत बाळाची दुपटी दोरीवर टाकताना मावशी मनातल्या मनात सगळ्या इमारतीच्या नावाने बोटं मोडत होती. पाच महिने झाले. एकतीस घरांचे कपडे सकाळी वाळत घालायचे, संध्याकाळी काढायचे. कधी कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. उशीर झाला म्हणून कुणी खेकसलंसुद्धा नाही. एकतीस किल्ल्यांचा जुडगा तेवढा दिवसभर कमरेला टोचायचा.

घरी मात्र ती सगळं रंगवून सांगायची. नऊशे चारचं बाळ रडकं, बाराशे दोनचे नवरा-बायको एकमेकांना पाण्यात पाहणारे. सातवा महिना लागलेली सून पोट धरून हसायची. तिघांच्या त्या भाड्याच्या खोलीत हसण्यासारखं दुसरं होतं काय? घरमालकाने महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलं होतं. मुलगा वर्षभर नव्या इमारतींचे उंबरे झिजवत होता, आणि हा पैसे जमवेपर्यंत तिकडे भाव वर चढलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं: मागणी वाढलीय. ते ऐकलं की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या संतापात तिची स्वतःवरही चिडचिड व्हायची. पण का, ते ती कुणाला सांगत नसे. कामाला ठेवताना मुकादमाने बजावलं होतं, इथलं इथेच ठेवायचं.

फोन वाजला. मुलगा म्हणाला, खाली बुकिंग ऑफिसात ये, गंमत आहे.

खाली मुलगा, सून आणि टाय लावलेला बुकिंगवाला उभे होते. सुनेच्या हातात चकचकीत फाइल होती आणि गळा मोकळा होता. मुलाची सगळी शिल्लक आणि सुनेचे दागिने, दोन्ही त्या फाइलीत गेले होते. दोनच घरं उरलीत आणि उद्यापासून भाव वाढणार, असं कळल्यावर त्याने तासाभरापूर्वी सही केली होती.

मावशीचा आवाज चढला. कुणाला विचारून केलंस, आत्ताच्या आत्ता पैसे परत घे, म्हणून ती त्याच्यावर तुटून पडली. बुकिंगवाला तिच्याकडे न बघता म्हणाला, सही झाली की पैसे परत मिळत नसतात.

"मावशी, तुम्ही कामाला लागा," तो हळूच म्हणाला.

मुलाचा चेहरा उतरला. "तुला लाज वाटते ना? तू धुणं करतेस त्याच इमारतीत मुलाने घर घेतलं म्हणून?"

"तसं नाही रे."

"जाहिरातीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आई. पण तू रोज एकतीस घरं आतून बघतेस. एवढी माणसं राहायला आलीत, ती काय सगळी फसली? तुझ्या शब्दावर सही केली मी."

"नऊशे पाच घेतलंय," सून म्हणाली. "त्या रडक्या बाळाच्या शेजारी. आपल्यालाही सोबत होईल."

मावशीने दोघांकडे पाहिलं. तिने मुलाचं मनगट धरलं आणि लिफ्टकडे ओढलं. सून मागोमाग निघाली. बुकिंगवाला आडवा आला, वर राहणाऱ्यांना त्रास होईल म्हणाला. मावशीने त्याला कोपराने बाजूला सारलं.

नवव्या मजल्यावर तिने कमरेचा जुडगा काढून मुलाच्या हातात कोंबला.

"नऊशे चार उघड," ती म्हणाली. "मग बाकीच्यातलं हवं ते उघड."

सून कौतुकाने पुढे झाली. बाळ झोपलं असेल, हळू, असं नवऱ्याला कुजबुजली. त्याने दार ढकललं. आत फरशी नव्हती, नळ नव्हता, भिंतींना गिलावासुद्धा नव्हता. पलीकडे गॅलरीत, रस्त्यावरून नीट दिसतील अशी, दुकानाच्या चिठ्ठ्या अजून न काढलेली दुपटी तेवढी वाळत होती.