हर्सूलची गाडी

हर्सूलच्या सिटी बसला प्रवासी मिळत नाहीत, असा निष्कर्ष बसमध्ये कधीही न बसलेल्या लोकांच्या बैठकीत निघाला होता. आज मधुसूदनसाहेब शेवटची पाहणी करून, कागदावर सही करून गाडी भंगारात काढणार होते. डेपोतल्या रत्नमाला मेकॅनिकची लेक रूपा त्याच गाडीनं कॉलेजला जायची. गाडी गेली की कॉलेजही गेलं.

तरी रत्नमाला गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून गाडीला ग्रीस भरत होती. भंगारात जायचं तर करकरत कशाला जायचं, असं तिचं मत.

तेवढ्यात डोक्यावरचा, गाडीचं वजन झेलणारा लोखंडी पाटा दबला. कुणी पायरीवर पाय ठेवला की दबतो, तसा. मग पुन्हा दबला. मग पुन्हा.

“कडुबाभाऊ, वर कोण चढायलंय?”

“कुणी नाय, ताई,” काठावरून ड्रायव्हर कडुबा म्हणाला. “दार बी बंद हाय.”

पाटे दबतच राहिले. कॉलेजच्या वेळेला दबतात तितके.

साहेब आले. कडुबानं दार उघडलं, ते आत चढले. रत्नमाला हात पुसत मागोमाग पायरीशी आली. सगळ्या सीटांवर धूळ जशीच्या तशी होती. साहेब मात्र अंग चोरून मधोमध उभे होते, एका हातात कागद-पेन, दुसऱ्यानं वरचा दांडा घट्ट धरून.

“साहेब, बसा की. निवांत सही करा.”

साहेबांनी पेन खिशाला परत लावलं. कुणाला तरी वाट देत ते जरा बाजूला सरकले.

“बसू कुठं, बाई?”