बिननावाची चिठ्ठी

चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण अक्षर रामकिसनचं होतं. पोटच्या पोराचं अक्षर कडूबा ओळखणार नाही तर कोण?

'घरात आला की माझ्याकडं बघत नाय. जेवण झालं का, एवढंबी इचारत नाय. मी बोलाया लागलो की उठून जातो.'

बजाजनगरच्या सभागृहात नाटक बसत होतं, कडूबा आणि रामकिसन दोघंही त्यात होते. वसाहतीत घरोघरी जुन्यानव्यांची तोंडं चार दिशांना. नाटक बसवणाऱ्या जाहेदा मॅडम ती नाटकातून एकमेकांकडं वळवायला निघाल्या होत्या. प्रत्येकानं मनातली सल बिननावानं डब्यात टाकायची, त्यातून प्रवेश उभे करायचे. ही चिठ्ठी मॅडमनी शेवटच्या प्रवेशासाठी निवडून भिंतीला डकवली होती.

कडूबाचं चित्त थाऱ्यावर राहिना. कंपनीत मशीनपुढं उभा राहिला तरी तीच तीन वाक्यं डोक्यात घुमायची. महिनाअखेर रामकिसन नोकरीला पुण्याला निघणार होता. पोरगं मनात अढी धरून गेलं, तर पुन्हा या घरात मोकळेपणानं पाय ठेवील का? या भीतीनं त्याला घास गोड लागेना.

दुसऱ्याच दिवशी त्यानं गुलमंडीच्या बाजारातून पोरासाठी गोड इमरती आणली. त्याचे वडील सांडूबा, म्हणजे घरातले आबा, दारातच खाटेवर बसले होते.

"कडू, आज लवकर सुटली का रं ड्यूटी?"

"हां, हां," म्हणत कडूबा तसाच आत गेला आणि पुडा पोराच्या हातात ठेवला.

"जेवलास का, रामकिसन?"

"व्हय." रामकिसन बघतच राहिला. "अण्णा, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"मला काय धाड भरलीय!"

पुढं रोज हेच. कडूबा उगाच पोराच्या मागं मागं करायचा, पुण्याच्या खोलीची, डब्याची चौकशी करायचा. माफीचे शब्द मात्र ओठांशी येऊन परत फिरायचे. पोरापुढं वाकायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

नाटकाचा दिवस उजाडला. मॅडमचा नियम असा, की थोरांनी पोरं व्हायचं आणि पोरांनी थोर. धोतर नेसून, काठी टेकत रामकिसन बाप झाला. कडूबा त्याचा मुलगा. आबा पहिल्या रांगेत बसले होते.

रामकिसननं चिठ्ठीतलं पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्याला त्याचा आवाज कापरा झाला. आता कडूबानं पाठ फिरवून निघून जायचं होतं. त्याचा पाय उचलेना. भर सभागृहात त्यानं पोराचे हात धरले.

"चुकलं रं, बाळा. लई चुकलं. आजपसनं न्हाई असं व्हायचं."

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या. कडूबाच्या छातीवरचा धोंडा उतरला.

त्या कडकडाटात रामकिसन त्याच्या कानाशी वाकला.

"अण्णा, मी नुसतं लिहून दिलं. सांगितलं आबांनी."